आईने थापलेली वीट

मुंगी माती खायची. लपूनछपून नाही की हट्टाने नाही. आपण गप्पा मारता मारता दाणे खातो ना, तशी. बसल्या जागी बोट फिरायचं, चिमूटभर तोंडात जायचं आणि पोर पुन्हा आपल्या खेळात. वय चार वर्षांचं, पण अंगापिंडाने दोन वर्षांची वाटायची. म्हणून तर मुंगी. भट्टीवर तिचं खरं नाव आईबापाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही ते कागदावर लिहून द्यायची वेळ आली की जरा आठवावं लागायचं.

दोष तरी कोणाला द्यायचा? राहायचं घर म्हणजे कच्च्या विटा एकावर एक रचून वर पत्रा टाकलेली खोली. दारात वीटभट्टीचं मोकळं रान. बाप उजाडायच्या आधीपासून गुडघाभर चिखलात उतरून तो तुडवायचा, त्याचे मोठाले गोळे करून आणून द्यायचा. आई उकिडवी बसून ते साच्यात मारायची, हाताच्या कडेने वरची माती कापायची आणि साचा उलटा करून वीट जमिनीवर सोडायची. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. दुपारपर्यंत तिच्या मागे विटांचं शेत उभं राहायचं. मुंगीला कडेवर घ्यायला आईचे हात कोरडे कधी नसायचेच. पोरीच्या फ्रॉकवर कायम आईच्या पंज्याचा ठसा.

महिन्यातून एकदा स्कूटरवरून नर्सबाई यायची. तिने मुंगीची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली आणि तोंड वाईट केलं.

"पांढरीफटक. अंगात रक्तच नाही हिच्या. माती खाते का?"

"खाते."

"रक्त कमी म्हणून माती खाते, आणि माती खाते म्हणून रक्त आणखी कमी होतं. पोटात काही चांगलं घाला हो. पालेभाजी, डाळ, बीट, अंडं."

"मी घालीन हो बाई, पण ती तोंड उघडेल तर ना! हिरवं दिसलं की ओठ मिटून घेते. नाक दाबलं तरी उघडत नाही."

नर्सबाई हसली. पिशवीतून तिने एक रंगीत तक्ता काढला. त्यात एक ताट होतं. ताटात भाताचं गोल तोंड, काकडीचे डोळे, टोमॅटोचे हसरे ओठ, वर किसलेल्या गाजराचे केस. "मुलांना खाणं खेळासारखं वाटलं पाहिजे," ती म्हणाली. "जबरदस्ती करायची नाही. त्यांना त्यांच्या हाताने खेळू द्यायचं. मग बघा."

मुंगीच्या आईने तक्ता हाताला माती आहे म्हणून नुसता लांबून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बाई, हे तोंड करायला किती वेळ लागत असेल?"

"पाच मिनिटं!"

पाच मिनिटांत तिच्या हातून दहा विटा पडायच्या. पण तिने हो म्हणून मान हलवली.

संध्याकाळी तिने खरंच तोंड केलं. काकडी नव्हती म्हणून वाटाण्याचे डोळे लावले. मुंगीने ताटाकडे पाहिलं, ताटाने मुंगीकडे पाहिलं, आणि पोरीने भोकाड पसरलं. "तो बघतोय! त्याला दुखेल!" शेवटी बापाने डोळे काढून स्वतः खाल्ले, तरी ती त्या भाताला शिवली नाही. आंधळा माणूस खायचा कसा, असंच बहुतेक तिच्या मनात असावं.

"जाऊ दे," बाप म्हणाला. "तिला तोंड नको. तिला चिखल पाहिजे."

तो थट्टेत बोलला, पण बायकोचा हात तिथेच थांबला. तिने चुलीपाशी ठेवलेला उकडलेला बटाटा कुस्करला, त्यात शिजवलेला पालक आणि घट्ट डाळ घातली, मळून मळून गोळा केला. चिखल कितपत घट्ट हवा हे तिला कोणी शिकवायला नको होतं. "अहो," ती म्हणाली, "एक साचा करून द्या. इवलासा. काडेपेटीएवढा."

बापाने दुसऱ्या दिवशी फळांच्या खोक्याच्या पट्ट्या कापून साचा केला, मोठ्यासारखाच, कडेला धरायला कान असलेला. आईने तो पाण्यात बुडवला, गोळा आत मारला, हाताच्या कडेने कापला आणि ताटात उलटा केला. हिरवीगार वीट. कोपरे कसे लख्ख! मुंगी जवळ सरकली. "मी," म्हणाली.

तिने सहा थापल्या. दोन मोडल्या, चार उभ्या राहिल्या. ओळीत लावल्या, आईसारखी मागे सरकत सरकत. मग फुंकर घालत बसली, वाळायला. तेवढ्यात बाप उठला, पोट पुढे काढून, हात मागे बांधून मुकादमासारखा चालत आला. "कोणी थापल्या या? ही वाकडी! बाद!" आणि बाद केलेली वीट उचलून त्याने तोंडात टाकली. मुंगी किंचाळली. आपली मेहनत दुसऱ्याच्या तोंडात जाते म्हटल्यावर कोण गप्प बसेल? उरलेल्या तिने दोन्ही हातांनी झाकल्या.

"भट्टी कुठाय?" आईने विचारलं.

पोरीने विचार केला आणि आ वासला.

त्या दिवशी मोडक्या धरून पाच विटा भट्टीत गेल्या. पुढे रोज सहा आईच थापायची: दुसऱ्या दिवशी बिटाच्या लाल, मग भोपळ्याच्या पिवळ्या. अंड्याचा बलक कुस्करून घातला तरी पोरीला कळायचं नाही, कळलं तरी वीट म्हटल्यावर तिची तक्रार नसायची. रोज संध्याकाळी त्या खोलीत हशा. शेजारच्या बाया डोकवायच्या, "आज कोणता माल निघाला?" म्हणून विचारायच्या. मुंगीची आई पदराने तोंड पुसत हसायची. दिवसभर उकिडवं बसून कंबर मोडलेली असायची, बोटांच्या बेचक्या पाण्याने कुजलेल्या. पण ती अर्ध्या तासाची थापाथापी तिला जड वाटली नाही. खरं सांगायचं तर दिवसभराच्या हजार विटांपैकी त्या सहाच तिच्या स्वतःच्या होत्या.

आणि याच खेळात तिने पोरीला एक नियम घालून दिला. मातीकडे बोट गेलं की हात धरायची आणि विचारायची, "मुंगे, माती खायची का?"

"नाही."

"मग काय खायचं?"

"आईने थापलेली वीट!"

पोर हे अगदी खडा आवाज काढून म्हणायची. भट्टीवर जो भेटेल त्याला ऐकवायची. माती खाणं सुटलं. पुढच्या महिन्यात नर्सबाईने पापणी ओढली आणि नीट वाकून पुन्हा पाहिली. "अहो, लाली येतेय की! काय केलंत?" मुंगीच्या आईने साचा दाखवला. नर्सबाईने त्याचा फोटो काढला. "तुम्ही तर माझ्या तक्त्याच्या पुढे गेलात," म्हणाली. तो शब्द मुंगीच्या आईने चार दिवस तोंडात घोळवला. तिला कोणी असं कधी म्हटलंच नव्हतं.

मग अवकाळी पाऊस आला. विटा रानात उघड्यावर वाळत होत्या; ताडपत्र्या पुरल्या नाहीत. तीन दिवस पाणी पडलं आणि चौथ्या दिवशी उघडीप झाली तेव्हा रानात ओळी नव्हत्या, नुसता मातीचा गारा होता. पंधरा दिवसांचं काम जिथून आलं तिथे परत गेलं होतं. मुकादम रानभर फिरला, कपाळाला हात लावला आणि मग सगळ्यांना बोलावून म्हणाला, "रडत बसायला वेळ नाही. भट्टी थांबणार नाही. हाच चिखल उचला, त्यात भट्टीची राख मिसळा, म्हणजे लवकर वाळेल. आणि हंगाम संपेपर्यंत भरपाई झाली पाहिजे."

तेव्हापासून मुंगीची आई अंधारात उठून रानात जायची ती दिवा लागल्यावर परतायची. राखेने हात उलायचे, भेगांत झोंबायचं. परत आल्यावर चूल पेटवायचं त्राण नसायचं. पहिल्यांदा पालक गेला, मग बीट गेलं. मग नुसता भात आणि डाळीचं वरचं पाणी. मुंगी साचा मांडीवर घेऊन बसायची.

"आई, थाप ना."

"उद्या, बाळा. आज हात दुखतात."

"एकच थाप."

"उद्या म्हटलं ना!"

पोर भात तोंडात घ्यायची आणि गालात धरून ठेवायची. कधी तशीच झोपायची. आईला दिसत होतं, पण दिसूनही अंगात काही उरलेलं नसे. आठ दिवस, दहा दिवस. एकदा भरपाई झाली की पुन्हा करू, असं ती मनाला बजावायची. सगळेच बजावतात.

बाराव्या दिवशी सकाळी मुकादमाने रानाच्या दुसऱ्या टोकाकडून तिला हाक मारली. "इकडे ये. नवऱ्यालाही आण."

तिच्या ओळीपाशी तो उभा होता. पायाच्या बोटाने त्याने एक वीट दाखवली. कोपरा गेला होता. दुसरी, तिसरी, पाचवी. कोणाचा कोपरा, कोणाची कड. बाया काम सोडून जमल्या.

"उंदीर असेल," मुंगीचा बाप म्हणाला.

"उंदीर?" मुकादम खाली वाकला, वीट उचलून सगळ्यांना दाखवली. ओल्या मातीत चार दातांची बारीक ओळ उमटलेली. "हे उंदराचे दात? आणि एवढ्या रानात उंदराला तुमचीच ओळ बरी सापडते! डावीकडच्यांची वीट धड, उजवीकडच्यांची धड. पोरीला खायला घालत नाही वाटतं घरात?"

कोणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं.

मुंगीची आई धावत खोलीकडे गेली. पोर भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. आईने तिचा जबडा धरून बोट आत घातलं. जिभेवर, गालात, दातांच्या फटीत करडा गारा. तिने पोरीला मारलं. पाठीत मारलं, गालावर मारलं, हाताला येईल तिथे मारलं. "माती खायची नाही ना? सांगितलं होतं ना? बोल, काय सांगितलं होतं?"

मुंगी रडता रडता उचक्या देत म्हणाली, "माती नाही खाल्ली. तुझीच खाल्ली. तू थापलेली."

आईचा हात वरच राहिला. पोरीने नियम मोडला नव्हता. एवढ्या मोठ्या रानात, शेजारच्या एकाही ओळीला दात न लावता, तिने फक्त आपल्या आईच्या विटा ओळखून खाल्ल्या होत्या. आईला वेळ नव्हता म्हणून ती स्वतः वाढून घेत होती, इतकंच. मुंगीची आई तिथेच जमिनीवर बसली. तिला रडूही आलं नाही. आपल्याच हाताने आपण हे केलं, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी पोरीचं पोट फुगलं. हात लावला तर कडक. शी होईना. दुपारी उलटी झाली. बापाने तिला उचललं तेव्हा तिची मान लटकली. विटा घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर, मालाच्या ढिगावर दोघं बसली. मांडीवर पोर, बुडाखाली भाजलेल्या विटा, अजून कोमट. खड्डा आला की मुंगी कण्हायची. आई तिच्या पोटाखाली हात धरून होती, धक्का लागू नये म्हणून.

दवाखान्यात नळ्या लावल्या. मोठ्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "किती दिवस खात होती? तुम्हाला कळलं नाही?"

"मी थापत होते," मुंगीची आई म्हणाली.

पाच दिवस लागले. बापाचं रक्त जुळलं, ते दिलं. थोडंथोडं करून पोटातून सगळं निघालं, राखेच्या रंगाचं, वाळूसारखं. पाचव्या दिवशी पोरीने पाणी मागितलं तेव्हा बाप बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन ओक्साबोक्शी रडला.

नर्सबाई भेटायला आली. तिला आतली गोष्ट ठाऊक नव्हती. खाटेच्या कडेला बसून तिने मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलीच्या आईला धीर यावा म्हणून म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याइतकं कोण करतं? तुमच्या साच्याचं मी आणखी चार भट्ट्यांवर सांगितलंय, तिथल्या बायांनीही..."

मुंगीच्या आईने तिचं मनगट पकडलं. "सांगू नका," ती म्हणाली. "बाई, पाया पडते. जाऊन सांगा, नका करू म्हणावं. आजच जाऊन सांगा."

नर्सबाईला तिने सगळं सांगितलं. नर्सबाई ऐकता ऐकता उठून उभी राहिली आणि पर्स न घेताच स्कूटरकडे गेली. अर्ध्या वाटेवरून पर्ससाठी परत आली.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "अंगात रक्त भरेपर्यंत मातीजवळ ठेवायची नाही. भट्टीवर तर मुळीच नाही. पुन्हा झालं तर मी काही करू शकणार नाही."

भट्टीवर माती नाही अशी वीतभर जागा दाखवा बघू. मुंगीची आई मुकादमाकडे गेली. पोरीला घेऊन बहिणीकडे राहते, हंगाम संपेपर्यंत नवरा एकटा काम करील, चालेल का, असं तिने विचारलं. मुकादम वाईट माणूस नव्हता.

"इथे जोडीने काम चालतं, तुला काय सांगायचं. एक तुडवतो, एक थापतो. एकटा माणूस ठेवून मी काय करू? जोडी मोडली की खोली रिकामी करावी लागते."

नवरा म्हणाला, "तू जा. मी बघतो काहीतरी."

"काय बघता?"

बघण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी तिची थोरली बहीण येऊन मुंगीला घेऊन गेली. बहिणीचं घर शहरात, तिसऱ्या मजल्यावर. खाली फरशी, बाहेर डांबर. कुंडीसुद्धा नाही, असं बहिणीने मुद्दाम सांगितलं. निघायच्या वेळी मुंगीच्या आईने हात कोपरापर्यंत घासले, काडीने नखं कोरली, तरी पोरीला उचलायचा तिला धीर होईना. मुंगीनेच तिच्या गळ्यात हात टाकले. "तू कधी येणार?" "येते हं." टेम्पो सुटला तेव्हा मुंगी मावशीच्या मांडीवर उभी राहून मागे बघत होती. आई साडीला हात पुसत राहिली. हात कोरडे होते.

दर रविवारी संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाइलवर फोन लावायचा असं ठरलं. पहिल्या रविवारी बहीण म्हणाली, "खात नाही गं. काही केलं तरी तोंड उघडत नाही. मिटून बसते." दुसऱ्या रविवारी म्हणाली, "अजून तसंच. तुला विचारते सारखी." मुंगीच्या आईने तो आठवडा कसा काढला ते तिचं तिला माहीत. हात थापत होते, हिशोब मुकादम करत होता, ती कुठे नव्हतीच.

तिसऱ्या रविवारी बहिणीचा आवाज मोकळा होता. "अगं, खायला लागली! पालक खाते, डाळ पिते, बीट काही कुरकुर न करता खाते. काल तर पूर्ण अंडं खाल्लं. डॉक्टरने पाहिलं, म्हणाला रक्त भरतंय."

मुंगीच्या आईचे डोळे भरले. "कसं केलंस गं ताई?"

बहीण थोडी घुटमळली. "कसं म्हणजे... काहीतरी सांगावंच लागतं ना मुलांना. मी सांगितलं, ताट संपलं की आई येणार. रोज सांगते. तुला राग नाही ना आला? उपाशी राहिली असती गं."

"नाही," मुंगीची आई म्हणाली. "राग कसला?"

"घे, बोल. केव्हाची हात पुढे करून उभी आहे."

फोनमध्ये खुडबुड झाली. मग पोरीचा श्वास ऐकू आला, फार जवळून.

"आई?"

"हां बाळा. जेवतेस ना नीट?"

"सगळं संपवते. हिरवं पण. आजचं पण सगळं संपलं. ताट बघ." बहुतेक तिने ताट फोनसमोर धरलं असावं. "आता येतेस?"

मुंगीच्या आईने समोर पाहिलं. रान ओळींनी भरलेलं होतं, दूरवर, आणि ताडपत्र्या एका कडेला घडी करून ठेवलेल्या. हंगाम संपायला अजून अडीच महिने होते. नवरा पायाला लागलेला चिखल काडीने खरवडत बसला होता. त्याची काडी थांबली. खरं सांगावं तर पोर उद्यापासून ओठ मिटणार. खोटं सांगावं तर उद्याही ताट संपवून दाराकडे बघत बसणार.

"अजून थोडं खा," ती म्हणाली. आवाज फुटू नये म्हणून तिने तोंडावर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पुन्हा म्हणाली, "अजून थोडं खा, बाळा. मग येते."

तिकडे मग भांड्याचा आवाज झाला, आणि फोनपासून लांब तोंड करून मुंगी म्हणाली, "मावशी, मला अजून वाढ."